झोपेची गोळी आणि काशाची वाटी

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा विषयाचा फार शोध घ्यावा लागला नाही. गेली काही वर्षे एक गोष्ट मनाला टोचत आहे. ती आपल्या वैद्यक बंधुभगिनींपुढे आणि समाजातील वाचकांपुढे मोकळेपणाने मांडावी, यासाठी याहून योग्य जागा मला दिसत नाही. विषय म्हटला तर अगदी साधा आहे. झोप, आणि झोप यावी म्हणून अंगावरून फिरणारा माणसाचा हात.

आरंभीच एक कबुली देतो. रामबागेतील एका जुन्या घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका माझ्या रुग्ण होत्या. माझ्या मुलीला त्यांनी शिकवले होते, म्हणून आमच्या घरी सारेच त्यांना 'बाई' म्हणत. यजमान गेले आणि बाईंची झोप उडाली. मुलगा पुण्याला, मुलगी अमेरिकेत. दिवसकार्य आटोपून सारे परतले आणि त्या घरात एकट्या उरल्या. त्या दवाखान्यात आल्या त्या दिवशी गर्दी होती. मी अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहिली आणि "पंधरा दिवस घ्या, मग पाहू," असे सांगितले. ते 'मग' चार वर्षे आले नाही. जुन्या चिठ्ठीवर दर खेपेस 'पुढे चालू' एवढेच मी लिहीत राहिलो. पाव मिलिग्रॅमचे अर्धे मिलिग्रॅम कधी झाले, हे सांगण्यास मला माझेच कागद चाळावे लागले. एका हिवाळ्यात पहाटे लघवीला उठल्या असता मोरीच्या उंबऱ्याशी बाई पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले.

पडण्याचे कारण गोळीच होती, असे शपथेवर सांगता येणार नाही. वय होते, अंधार होता, उंबरा होता. परंतु बेन्झोडायझेपीन गटातील औषधांनी वृद्धांचा तोल जातो, स्मृती मंदावते, पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो, हे आपण सारेच शिकलो आहोत. वृद्धांसाठी जपून वापरावयाच्या औषधांची जी 'बीअर्स' यादी जगभर वापरली जाते, तीही ही औषधे शक्यतो टाळावीत असेच सांगते. मला हे ठाऊक होते. ठाऊक असूनही मी चार वर्षे लिहीत राहिलो, कारण लिहिण्यास अर्धे मिनिट पुरत असे.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी बाईंना भेटण्यास गेलो. चेहरा टवटवीत दिसला. विचारले तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, काल रात्री मी झोपले हो. या रात्रपाळीच्या मावशी आहेत ना, त्या दुसऱ्या पायाला आणि पाठीला खोबरेल लावत बसल्या होत्या. हे गेल्यापासून मला कोणी हातच लावला नव्हता. तुम्ही नाडी पाहत होता, तेवढाच."

हे वाक्य मी आजवर विसरू शकलो नाही. चार वर्षे मी या स्त्रीच्या निद्रानाशावर उपचार करीत होतो आणि तिच्या दुःखाचा एक मोठा भाग मला दिसलाच नव्हता.

वस्तुतः मराठी घराला हे शिकविण्याची गरज नसावी. तान्ह्या बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन झोपविण्याची रीत आपल्या घराघरांत होती. बाळंतिणीचे अंग रगडण्यास बाई येत असे. आजोबांचे पाय चेपणे हे नातवंडांचे रोजचे काम असे. आणि काशाची वाटी! तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून ती वाटी गोल गोल फिरवीत राहायचे. पाहता पाहता माणूस पेंगू लागे. आमच्या आजीच्या हातची ती वाटी अजून माझ्या घरी आहे. आता मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगाला तेल लागते ते वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आणि तेही घाईने.

आयुर्वेदाने या विषयाचा विचार फार पूर्वी केला. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराच्या तीन आधारांत स्थान दिले आहे, आणि झोप नाहीशी झाली असता करावयाच्या उपायांत अभ्यंग व संवाहन यांचा उल्लेख आहे. वाग्भटानेही चांगली झोप हे अभ्यंगाचे एक फळ मानले आणि मस्तक, कान व पाय यांना तेल लावण्यावर विशेष भर दिला. त्याच वेळी अजीर्ण झालेल्यांनी, कफाने ग्रासलेल्यांनी अभ्यंग करू नये, असेही बजावले. म्हणजे कोणाला करावे आणि कोणाला करू नये, हा विवेक त्या काळीही होता.

परंतु प्राचीन ग्रंथांत आहे म्हणून मान्य करा, असे मी डॉक्टरांच्या स्मरणिकेत म्हणणार नाही. आधुनिक पुरावा काय सांगतो, ते पाहिले पाहिजे. आणि तो जसा आहे तसाच सांगितला पाहिजे.

अमेरिकेतील कॅथी रिचर्ड्स या परिचारिका-संशोधिकेने १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. अतिदक्षता विभागात हृदयविकारासाठी दाखल झालेले ६९ वयस्क पुरुष त्यात होते. काहींना रात्री निजण्यापूर्वी केवळ ६ मिनिटे पाठीला मालिश करण्यात आले आणि साऱ्यांच्या झोपेची नोंद यंत्राने घेण्यात आली. मालिश झालेले रुग्ण, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या रुग्णांपेक्षा सरासरीने तासाहून अधिक झोपले. एकाच रात्रीची ही नोंद आहे आणि रुग्णसंख्याही लहान आहे. तरीही अतिदक्षता विभागातील दिवे, आवाज आणि भीती यांच्यामध्ये ६ मिनिटांच्या हाताने एवढे साधावे, हे विचार करण्यासारखे आहे. रात्री निजण्यापूर्वी रुग्णाची पाठ चोळणे हा एके काळी परिचारिकांच्या नित्यकर्माचा भाग होता, हेही येथे आठवते.

मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड यांनी १९९२ साली स्पर्शाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. त्यांच्या गटाने २००१ साली जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे ५ आठवडे मालिश घेतलेल्या रुग्णांच्या वेदना, चिंता आणि झोपेच्या तक्रारी कमी झाल्याचे त्यात आढळले. पुढे २००४ साली मोयर आणि सहकाऱ्यांनी ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मालिशच्या अनेक बैठकांनंतर चिंता आणि खिन्नता यांत होणारी घट ही मानसोपचाराच्या लाभाशी तुलना करण्याइतकी असल्याचे त्यांनी नमूद केले. चिंता, खिन्नता आणि वेदना ही झोपेची तीन मोठी शत्रुस्थाने आहेत, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

हे कसे घडत असावे? मालिशने कॉर्टिसॉल उतरते आणि सेरोटोनिन चढते, असे ठामपणे सांगितले जाते. त्याच मोयर यांच्या २०११ सालच्या आढाव्यात मात्र कॉर्टिसॉलवरचा परिणाम अगदी अल्प, बहुतेक ठिकाणी शून्यासारखाच आढळला. म्हणून ते विधान आपण जपून करावे. दोन गोष्टी मात्र अधिक भरवशाच्या आहेत. केस असलेल्या त्वचेत संथ स्पर्शाला प्रतिसाद देणारे 'सी-टॅक्टाइल' नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर या गतीने, माणसाच्या त्वचेइतक्या उबदार हाताने केलेला स्पर्श त्यांना सर्वाधिक चेतवितो, आणि तोच स्पर्श माणसाला सर्वांत सुखद वाटतो. पाठीवरून सावकाश फिरणाऱ्या आईच्या हाताची गती साधारण हीच असते. तळपायाची वाट निराळी आहे. हातापायांतील रक्तवाहिन्या फुलल्या की शरीरातील उष्णता बाहेर पडते, आतले तापमान किंचित उतरते आणि झोप लवकर लागते. हातपाय उबदार असणे आणि झोप लवकर लागणे यांचा हा संबंध १९९९ साली स्वित्झर्लंडमधील क्राउखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. पाय चोळून उबदार करण्याची आजीची युक्ती या शास्त्राशी जुळते.

काशाच्या वाटीबद्दलचा एक गैरसमज मात्र येथेच दूर करावा. वाटी घासता घासता तळपायावर काळपटपणा येतो आणि 'अंगातली उष्णता बाहेर आली' असे म्हटले जाते. तो काळपटपणा म्हणजे घर्षणाने आणि तेला-तुपाशी झालेल्या क्रियेने काशातून सुटलेला धातूचा अंश होय. रोग बाहेर पडत नाही. वाटीने बरे वाटते हे खरे. ते बरे वाटण्यासाठी काळ्या रंगाची साक्ष काढण्याची गरज नाही.

पुराव्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. यांतील बरेच अभ्यास लहान आहेत. मालिश होत आहे की नाही हे रुग्णापासून लपविता येत नाही, त्यामुळे श्रद्धेचा भाग किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. जुनाट निद्रानाश, म्हणजे आठवड्यातून निदान तीन रात्री आणि निदान तीन महिने टिकणारा, यावरचा पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली निद्रानाशासाठीच्या विचार-वर्तन उपचारपद्धतीची शिफारस केली. सकाळी उठण्याची वेळ ठरलेली असणे, झोप येत नसेल तर अंथरूण सोडून उठणे, अंथरुणाचा उपयोग झोपेसाठीच करणे, 'आज झोप आली नाही तर उद्या काय होईल' या धास्तीला उत्तर शोधणे, असे तिचे स्वरूप आहे. मालिश ही तिची जागा घेऊ शकत नाही. मालिश तिच्या शेजारी बसू शकते. सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत गरडू आणि जिलेबी खाऊन घरी यायचे आणि मग तळपायाला तेल लावून झोपेची वाट पाहायची, याला उपचार म्हणता येणार नाही.

त्याचप्रमाणे, झोप येत नाही असे म्हणणाऱ्याला तपासल्याविना तेल सुचविणे हे तपासल्याविना गोळी लिहिण्याइतकेच चूक आहे. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, रात्री प्रोस्टेटमुळे वारंवार उठावे लागणे, आडवे होताच धाप लागणे, पायांत वळवळ होणे, थायरॉइड, पहाटे लवकर जाग आणणारी खिन्नता, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी किंवा स्टिरॉइड, रात्रीचा चहा, यांचा शोध आधी घेतला पाहिजे. 'आता जगून काय करायचे' असे जो म्हणतो, त्याला मालिश नव्हे, तातडीने मनोविकारतज्ज्ञ पाहिजे.

आता समाजातील वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. खोलीत दिवा मंद असावा, दूरदर्शन आणि मोबाइल बंद असावे. पाठ, खांदे, हात, पोटऱ्या, तळपाय, जेथे त्या माणसाला बरे वाटते तेथे, तळहात पूर्ण टेकवून संथ आणि किंचित दाबून हात फिरवावा. फार हलका हात गुदगुल्या करतो, फार जड हात जागे ठेवतो. तेल कोमट असावे, गरम नको. मधुमेह्याच्या पायाला बधिरपणा असतो. भाजले तरी त्याला कळत नाही. त्याच्या पायाला जखम किंवा भेग नाही ना, हे आधी पाहावे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली असेल तर ती मुळीच चोळू नये; शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरांकडे जावे. ताप, त्वचेचा संसर्ग, नुकतीच झालेली दुखापत किंवा शस्त्रक्रिया असेल तर तो भाग वर्ज्य. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना आणि हाडे ठिसूळ झालेल्यांना दाब देऊन रगडू नये. कर्करोगाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांस विचारावे. गळ्याच्या पुढच्या भागावर दाब देऊ नये. केशकर्तनालयात चंपीनंतर मान कडकन वळवून घेण्याची हौस सोडून द्यावी. मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तळपायाला तेल लावले असेल तर ते नीट पुसून मगच झोपावे. रात्री गुळगुळीत फरशीवर तेलकट पाय पडला, तर ज्या अपघातापासून आपण वाचू पाहतो तोच घडेल.

जे झोपेची गोळी दीर्घकाळ घेत आहेत, त्यांनी हा लेख वाचून ती एकदम बंद करू नये, हेही कळकळीने सांगतो. अचानक बंद केल्याने अस्वस्थता, थरथर, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने उतरवावी लागते. अल्प्राझोलामसारखी औषधे २०१३ साली अधिसूचित झालेल्या 'एच-१' अनुसूचीत आहेत, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय द्यावयाची नाहीत आणि दुकानदाराने त्यांची नोंद ठेवावयाची आहे. परंतु कायदा जुन्या चिठ्ठीवरील 'पुढे चालू'पुढे काय करणार? ते दोन शब्द आपल्याच हातचे असतात.

आणखी एका गोष्टीची मला भीती वाटते, म्हणून ती स्पष्ट लिहितो. 'डॉक्टरांनी मालिश सांगितले आहे' असे म्हणून हे नवे काम घरातील सुनेच्या माथी मारले जाईल. दिवसभर नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आटोपून तिने रात्री सासूबाईंचे पाय चेपावेत, आणि तिच्या झोपेचे काय, हे कोणी विचारू नये! तसे होणार असेल तर हा उपाय न सांगितलेला बरा. आई-वडिलांच्या पायाला तेल लावण्यास मुलाचे हात चालतात, नातवाचे चालतात, पत्नीची पाठ चोळण्यास पतीचे हात चालतात. शुश्रूषा करणाऱ्यालाही शुश्रूषा लागते. ज्याला स्पर्श नकोसा वाटतो, त्याच्यावर तो लादू नये. आणि जे एकटे राहतात, त्यांनी पलंगावर बसून स्वतःच्या पावलांना व हातांना तेल लावले तरी उपयोग होतो. एकटे राहणाऱ्यांची संख्या आपल्या समाजात किती वाढली आहे, हे लोकमान्यनगरातील सायंकाळचे बाक पाहिले तरी कळते.

माझ्या काही मित्रांना वाटेल की, हा माणूस वैद्यक सोडून न्हावीकाम शिकवू लागला. त्यांना माझे नम्र उत्तर असे आहे की, निरुपद्रवी, स्वस्त आणि थोडाफार गुणकारी उपाय हाताशी असता आपण अधिक धोक्याचा उपाय आधी सांगतो, याचे कारण शास्त्रात सापडत नाही. ते आपल्या घाईत आणि थोडेसे आपल्या प्रतिष्ठेत आहे. दुसऱ्या टोकाला, 'दहा बैठकांत निद्रानाश मुळापासून घालवू' अशा जाहिराती करणारी महागडी केंद्रेही आहेत. अवमान आणि अतिशयोक्ती या दोहोंच्या मध्ये डॉक्टरांनी उभे राहिले पाहिजे.

म्हणून आपल्या संघटनेपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, महिन्यातील एका रविवारी दोन तासांचा वर्ग भरवावा. फिजिओथेरपीतज्ज्ञ, वैद्य आणि एक अनुभवी परिचारिका यांनी घरच्या मंडळींना आणि घरोघरी रात्रपाळी करणाऱ्या मावशींना सुरक्षित मालिश कसे करावे, कोणाला करू नये, हे शिकवावे. या मावशींच्या कामाला त्यामुळे मानही मिळेल. दुसरी, झोपेची गोळी लिहिताना प्रत्येक सभासदाने चिठ्ठीवर ती कोणत्या तारखेला थांबवावयाची, हे लिहावे. एवढा एक नियम आपण स्वतःला घालून घेतला तर अनेकांचे खुबे वाचतील.

बाईंबद्दल वाचकांना उत्सुकता असेल. त्यांची गोळी आम्ही सुमारे चार महिन्यांत उतरवीत नेली आणि बंद केली. दुपारची झोप कमी केली, संध्याकाळनंतरचा चहा सोडविला, मोरीचा उंबरा काढून तेथे दांडा बसविला, रात्रभर मंद दिवा ठेवला. यांपैकी कशाचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही, आणि मालिशने गोळी सुटली असा दावा मी करणार नाही. अजूनही काही रात्री त्यांना झोप येत नाही. परंतु शेजारच्या घरातील, त्यांच्याच वयाच्या, त्यांच्यासारख्याच एकट्या असलेल्या एक बाई रोज रात्री नऊ वाजता येतात. एक दिवस या त्यांच्या पाठीला तेल लावतात, दुसऱ्या दिवशी त्या यांच्या.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. उठताना बाईंनी माझ्याकडे शिक्षिकेच्या नजरेने पाहिले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचे डोळे खोल गेले आहेत. तुमच्या पायाला कोणी तेल लावते की नाही?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री आजीची काशाची वाटी कपाटातून काढली, घासून स्वच्छ केली आणि पत्नीला म्हटले, "बैस, आधी तुझे पाय दे."